उतार माथ्यावरच उतरावा लागतो

दिवाळी झाली की आमच्याकडचे रस्ते उसाच्या ताब्यात जातात. बेळगावहून उत्तरेला काकती, होनगा, मग वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर आणि निपाणीच्या अलीकडचा तवंदी घाट, या सगळ्या पट्ट्यात उन्हाळा लागेपर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग तुटत नाही. पश्चिमेला हिंडलगा, उचगाव करत बाचीजवळ हद्द ओलांडली की चंदगडचा ऊस भेटतो. एकट्या बेळगाव जिल्ह्यात वीसवर साखर कारखाने आहेत, आणि गळीत हंगाम सगळ्यांचा एकदमच सुरू होतो. ऊस तोडला की त्यातली साखर आणि वजन तासागणिक उतरू लागतं. त्यामुळे फडापासून कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतच्या, म्हणजे ऊस गाळपाला टाकतात तिथपर्यंतच्या, प्रत्येक माणसाला घाई असते. त्या घाईचं सगळं ओझं शेवटी एकाच्या पायावर येऊन पडतं, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या उजव्या पायावर.

आमचं गाव शहराच्या पश्चिमेला आहे. तिथं मळ्याची सपाट जमीन संपते आणि तांबडा माळ चढू लागतो. खाली भात आणि ऊस, वर रताळी, मधे चढउताराच्या पाणंदी. शेणखत चढवायचं, माल उतरवायचा, हे इथल्या प्रत्येक घराचं काम. त्यामुळे उताराविषयी मला लिहायचं होतंच. एक गोष्ट फार वर्षं मनात आहे आणि ती अगदी सरळ आहे: उतारावर जे काय करायचं असतं ते उतार लागायच्या आधी करायचं असतं. मध्यावर पोचल्यावर ड्रायव्हरच्या हातात फार थोडं उरतं.

साधा हिशेब मांडून बघा. दहा फूट पुढं गेल्यावर एक फूट खाली, असा उतार घ्या. माळाच्या पाणंदीत असा उतार सहज मिळतो. अशा उतारावर कोणत्याही गाडीला तिच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ खाली खेचते. भरलेल्या दोन ट्रॉल्या, ऊस आणि लोखंड मिळून, वीस टनांच्या घरात जातात. म्हणजे खाली खेचणारी ओढ दोन टनांची. आणि पुढं जो ट्रॅक्टर आहे त्याचं स्वतःचं वजन दोन-सव्वादोन टन. घाटातला हायवे इतका तीव्र नसतो, समजा त्याच्या निम्मा. तरी एक टन उरतोच. चढावर ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो हे सगळ्यांना दिसतं. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत असते, ते कुणाला दिसत नाही. गाडी तीच, रस्ता तोच, पण माथा ओलांडला की मालक बदलतो.

आमचे थोरले काका बैलगाडीवरून ट्रॅक्टरवर आलेल्या पिढीतले. त्यांनी आधी बैलांच्या गाडीनं ऊस वाहिला, मग ट्रॅक्टरनं. गाडी भरताना ते मागं उभं राहून दांडी हातानं उचलून बघायचे. मागं वजन जास्त झालं तर गाडी उलाळ होते, चढावर बैलांच्या मानेवरचं जू वर उचलतं. पुढं जास्त झालं तर बैलांची मान दबते. हे तोलाचं ज्ञान त्यांच्या हातात होतं आणि दोनचाकी ट्रॉलीला ते जसंच्या तसं लागू पडतं. ट्रॉलीत माल मागच्या फाळक्याकडे जास्त भरला तर हूक वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि चढावर चाकं जागेवर फिरतात. उतारावर तीच चाकं ब्रेक लावल्यावर घसरतात. नव्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना ते जुन्या काळचं वाटतं. पण गाडीचा तोल काळानुसार बदलत नाही.

बैलाची मला आठवण होते ती आणखी एका कारणानं. ओझं झेपेनासं झालं की बैल थांबायचा. गुडघे टेकायचा, मान फिरवायचा, चाबूक खायचा पण पुढं जायचा नाही. उतारावर पाय रोवून उभा राहायचा. म्हणजे गाडीत दोन डोकी जास्त होती आणि धोक्याची जाण त्यांनाही होती. ट्रॅक्टरला अशी जाण नाही. पन्नास हॉर्सपॉवरचं इंजिन झेपेल ते ओढतं, न झेपणारंही ओढायला जातं, आणि जे थांबवता येणार नाही तेही माथ्यापर्यंत बिनतक्रार चढवून देतं. पूर्वी ‘नाही’ म्हणायचं काम बैल करायचा. आता ते ड्रायव्हरला करावं लागतं. आणि आमच्या गावांनी ड्रायव्हरला ‘नाही’ म्हणायचा मान अजून दिलेला नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

आता चढ. चढावर लोकांना वाटतं, जास्तीत जास्त काय होईल, ट्रॅक्टर बंद पडेल. पण ट्रॅक्टरनं माणूस दबतो तो अनेकदा चढावरच. मागची चाकं जमिनीत अडकलेली असतात किंवा ओझ्यानं धरून ठेवलेली असतात, आणि ड्रायव्हर रेस वाढवून क्लच झटक्यात सोडतो. इंजिनाची ताकद कुठंतरी जायलाच हवी. चाक फिरत नसेल तर ट्रॅक्टरचा पुढचा भाग चाकाच्या आसाभोवती वर उचलला जातो. बोनेट आभाळाकडे होतं. परत न येण्याची जागा साधारण पाऊण सेकंदात गाठली जाते आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर असतो. पाऊण सेकंदात माणसाला काय होतंय एवढंच कळतं, पाय क्लचवर पोचत नाही. म्हणून चढावर गाडी उचलायची ती हळू क्लच सोडून, खालच्या गिअरमध्ये, बेताच्या रेसवर. आणि ओढ घ्यायची ती फक्त खालच्या ड्रॉबारवरून, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं खाली असलेल्या ओढायच्या दांडीवरून. साखळी वर टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराच्या वरच्या जोडाच्या जागी किंवा आसाला गुंडाळली की ओढीची रेघ आसाइतकी किंवा त्याच्याही वर जाते. मग ओझंच ट्रॅक्टरला मागं उलथवायला मदत करतं. ड्रॉबार खाली दिलाय तो याच कारणानं.

चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट याहून वाईट आहे, आणि ती आमच्या भागात अजून सर्रास चालते. पाणी दिलेल्या सरीच्या कडेला मागची चाकं रुतली की कुणीतरी एक ओंडका आणतो, तो चाकांच्या पुढं आडवा बांधतो आणि म्हणतो, “आता मार रेस, ओंडक्यावर चढून भाईर येतंय बघ.” चाक ओंडक्यासकट अडकलं तर फिरायला मोकळा उरतो तो फक्त ट्रॅक्टरचा पुढचा भाग. ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली म्हणून बरोबर ठरत नाही. रुतला तर ट्रॉली सोडा, चाकांपुढची माती खणा, शक्य असेल तर मागं घ्या. तरीही निघाला नाही तर दुसरा ट्रॅक्टर आणा. दुसरा ट्रॅक्टर येईपर्यंत तासभर जातो. त्या तासाचे पैसे कुणाला द्यायचे, यावर बांधावर भांडण होतं. मला वाटतं ते भांडण खुशाल व्हावं.

उतार हा माझा मुख्य विषय, म्हणून तिथं जरा थांबतो.

उतार लागायच्या आधी, माथ्यावर, सपाट जागेवर गाडी पूर्ण थांबवायची. जो गिअर घालून आपण तोच रस्ता भरल्या गाडीनं चढून आलो असतो, तो किंवा त्याहून खालचा गिअर घालायचा. मग रेस सोडून खाली. इंजिन चाकांना अडवतं, चाकं इंजिनला फिरवतात आणि वेग गिअरच्या मर्यादेत राहतो. पाय क्लचला लावायचा नाही. क्लच दाबला की इंजिन आणि चाकांचं नातं तुटतं आणि वीस टन मोकळे होतात. मध्येच गिअर बदलायला गेलं तर जुन्या ट्रॅक्टरांत नवा गिअर पडत नाही, दात घासल्याचा आवाज येतो, आणि तेवढ्यात वेग इतका होतो की आता कुठलाच गिअर पडणार नसतो. उतारावरचे बरेचसे अपघात या एका क्षणात ठरतात. ड्रायव्हर ब्रेकवर उभा राहतो, ब्रेक तापतात, आणि तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. वेग दुप्पट झाला की थांबवायला लागणारी शक्ती चौपट होते, हेही इथं लक्षात ठेवायला हवं. दहाच्या वेगात जो ब्रेक पुरत होता तो विसाच्या वेगात पुरणार नाही.

यावर पोरांचं एक उत्तर ठरलेलं असतं: न्यूट्रलमध्ये घातलं की डिझेल वाचतं. हे ऐकून मी अनेक वर्षं नुसता चिडत होतो, मग मेस्त्रीकडून नीट समजून घेतलं. गिअर घातलेला असताना रेस पूर्ण सोडली आणि चाकंच इंजिनला जोरात फिरवू लागली की डिझेल पंपातला गव्हर्नर डिझेल जवळजवळ तोडून टाकतो. कारण इंजिनला फिरवायला डिझेल लागतच नसतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन स्वतःच्या जिवावर चालू राहतं आणि त्यासाठी डिझेल जळत राहतं. म्हणजे ज्या बचतीसाठी गाडी मोकळी सोडली ती बचत गिअरमध्येच जास्त होती. हे मी आता प्रत्येकाला सांगतो. भीती घालून जे ऐकत नाहीत ते हिशेब दाखवल्यावर ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पेडलं असतात, डाव्या चाकाचं एक आणि उजव्या चाकाचं एक. शेतात सरीच्या टोकाला चटकन वळायचं असेल तर एकाच बाजूचं दाबायचं, म्हणून ती सोय. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडलं जोडणारी पट्टी लावायची असते. ती पट्टी नसेल आणि वेगात असताना पाय एकाच पेडलवर पडला, तर एक चाक अडतं, दुसरं धावतं आणि ट्रॅक्टर जागेवर फिरतो. मागं दोन ट्रॉल्या असताना हे झालं तर पुढचं सांगायला नको. शेतातून रस्त्याला लागताना पट्टी लावायला खाली वाकावं लागतं, दोन सेकंद जातात. आमच्याकडच्या निम्म्याअधिक जुन्या ट्रॅक्टरांवर ती पट्टी गंजून एका बाजूला पडलेली असते. संध्याकाळी कधी कारखान्याच्या वाटेवर उभं राहून बघा, दिसेल.

आणि ट्रॉलीला तर बहुतेक वेळा ब्रेकच नसतो. याचं मला खरोखर वाईट वाटतं. बेळगाव हे ओतशाळांचं आणि हायड्रॉलिकच्या सामानाचं गाव. उद्यमबागेत आणि मच्छ्याला जे सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि पंप बनतात ते देशभर जातात. त्याच गावाभोवतीच्या रस्त्यांवर दहा-दहा टनांच्या ट्रॉल्या नुसत्या पिनेवर लोंबकळत उतार उतरतात. ट्रॉलीला ब्रेक बसवता येतो. ट्रॉली पुढं ढकलू लागली की त्या ढकलण्यानंच लागणारे ब्रेक असतात, ट्रॅक्टरच्या तेलावर चालणारे असतात, हवेवर चालणारेही असतात. जास्तीचा खर्च होतो हे खरं. पण एक ट्रॉली उलटल्यावर जे जातं त्याच्यापुढं तो खर्च काय आहे, हे घरचं माणूस गमावलेल्याला विचारावं. ट्रॉल्या बांधणाऱ्या कारागिरांनी हे मनावर घेतलं तर ते काम इथंच होईल, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायला नको.

ब्रेक नसलेली ट्रॉली वळणावर काय करते ते सांगतो. ट्रॅक्टर ब्रेक लावून हळू होतो, ट्रॉली होत नाही. ती मागून ढकलते. सरळ रस्त्यावर ती सरळ ढकलते, म्हणून निभावून जातं. वळणावर ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेघेत नसतात. मग ढकलणं तिरकं पडतं, ट्रॅक्टरची मागची बाजू बाहेर फेकली जाते आणि दोन्ही एकमेकांवर कात्रीसारखे मिटतात. म्हणून ब्रेक लावायचा तो वळणाच्या आधी, सरळ भागावर, थोडा-थोडा. वळणात शिरताना पाय मोकळा हवा. ट्रॉली ढकलू लागल्याचं कळलंच, आणि पुढं जागा असेल, तर ब्रेक सोडून किंचित रेस द्यायची. ट्रॅक्टर पुढं ओढू लागला की ट्रॉली पुन्हा रेघेत येते. उतारावर रेस द्यायची हे ऐकायला उलटं वाटतं, आणि भ्यालेल्या पायाकडून ते होत नाही. म्हणून हे रिकाम्या ट्रॉलीवर, सपाट माळावर, आधी करून बघितलेलं असावं.

उलटं वाटणाऱ्या गोष्टींत पॉवर टिलरचा, म्हणजे दांडा हातात धरून चालवायच्या दोनचाकी यंत्राचा, नंबर पहिला. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या भातशेतीत, चोर्ल्याच्या वाटेवरच्या वाड्यांत लहान वावरांसाठी टिलर चालतो आणि त्याला छोटी ट्रॉली जोडून खत, लाकूड, भाताची पोती वाहतात. टिलरला वळवायला दोन्ही मुठींखाली दोन क्लच असतात. सपाटीवर डावा दाबला की डावं चाक इंजिनापासून सुटतं, उजवं ओढत राहतं आणि टिलर डावीकडं वळतो. उतारावर हेच उलटं होतं. उतारावर इंजिन चाकांना ओढत नसतं, अडवून धरत असतं. डावा क्लच दाबला की डावं चाक त्या अडवण्यातून सुटतं, उजव्यापेक्षा जोरात धावतं आणि टिलर उजवीकडं वळतो. डोंगराच्या बाजूला घ्यायला गेलेला माणूस दरीच्या बाजूला जातो. मशीन बिघडलं, असं लोकांना वाटतं. मशीन बरोबरच चालत असतं. उतारावर वळवायचे क्लच वापरायचे नाहीत. खालचा गिअर, कमी रेस, आणि वळण हातांच्या जोरानं, दांडा दाबून घ्यायचं. टिलर विकताना हे एकदा उतारावर नेऊन दाखवलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. पुस्तकात ते लिहिलेलं असतं, पण पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत माळ्यावर असतं आणि टिलर चालवायला घरचा धाकटा मुलगा असतो.

बांधाच्या कडेविषयी एक नियम मला फार उपयोगी वाटतो. पाट किंवा ओढा जितका खोल, कमीत कमी तितकं अंतर कडेपासून ठेवायचं. पाच फूट खोल ओढा असेल तर चाक पाच फूट आत. कडेची माती वरून घट्ट दिसते, पण पाणी दिल्यावर आतून सैल झालेली असते, आणि एवढं ओझं पडलं की ती तुकड्यानं सुटते. तिरक्या माळावरून आडवं जाण्यापेक्षा सरळ वर किंवा सरळ खाली जावं, हेही त्यातलंच. आडवं जाताना खालच्या बाजूचं चाक एखाद्या खळग्यात गेलं, किंवा वरच्या बाजूचं दगडावर चढलं, तर उंच भरलेला ऊस बाकीचं काम करतो. उसाची ट्रॉली जितकी उंच भरली जाते तितका तिच्या वजनाचा मध्य वर जातो. फाळक्याच्या वर दोन-दोन हात मोळ्या रचतात आणि दोर आवळतात. दोर मोळ्यांना धरून ठेवतो, तोलाला नाही.

आणि त्या मोळ्यांवर माणसं बसलेली असतात. हे लिहिताना हात थांबतो. तोडणीच्या टोळ्या बीडकडून येतात, विजापूरकडून येतात. पहाटेच्या थंडीत फडाकडं आणि रात्री खोपीकडं जाताना ती माणसं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, हुकाच्या दांडीवर, भरल्या मालावर बसतात. बाईच्या कडेवर पोर असतं. ट्रॅक्टरला बसायची जागा एकाच माणसाची असते, ड्रायव्हरची. मडगार्डवरचा माणूस एका खड्ड्यात खाली येतो आणि तो पडतो ती जागा नेमकी मागच्या चाकासमोरची असते. मागं येणारी ट्रॉली तर वेगळीच. मडगार्डवर दोघांना बसवणाऱ्या ड्रायव्हरला डाव्या-उजव्या बाजूचं दिसतही नाही. टोळीला आणायला-न्यायला वेगळी गाडी द्यावी, हा खर्च तोडणी-वाहतुकीच्या दरात धरावा, असं मी गावच्या बैठकीत बोललो आहे आणि पुन्हा बोलणार आहे.

ड्रायव्हरच्या स्वतःच्या जिवासाठी एक साधी लोखंडी कमान आहे. सीटच्या मागं दोन खांब आणि वर आडवा दांडा. ट्रॅक्टर उलटला तरी माणसापुरती पोकळी शिल्लक राहते. स्वीडननं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना अशी कमान सक्तीची केली आणि तिथं उलटलेल्या ट्रॅक्टरखाली मरणारी माणसं पुढच्या काळात झपाट्यानं कमी झाली. कमानीबरोबर सीटचा पट्टा लावायचाच, कारण पट्टा नसला तर माणूस त्या पोकळीतून बाहेर फेकला जातो आणि तीच कमान त्याच्यावर पडते. आमच्याकडं नव्या ट्रॅक्टरला कमान असली तर ती पहिल्याच आठवड्यात काढून गोठ्यामागं ठेवतात, कारण आंब्याच्या फांदीला लागते. तिच्या जागी छत येतं, छताला झालर आणि चार स्पीकर. स्पीकरबद्दल माझं वाकडं नाही, हंगामाच्या रात्री लांब असतात. पण उतारावर गाणं बंद करावं. इंजिनाचा आवाज चढला की वेग वाढल्याचं सगळ्यात आधी कानाला कळतं, हुकाचा खडखड आवाज पिन सैल असल्याचं सांगतो, मागच्या बसचा हॉर्न जागा मागतो. स्पीकर चालू असताना यातलं काही ऐकू येत नाही.

पिनेचंही सांगायला हवं. पिन जाड, तिला खालून लॉक, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मधे वेगळी साखळी, म्हणजे पिन तुटली तरी ट्रॉली एकटी मागं सुटत नाही. चढावर पिन निसटली तर मागच्या दुचाकीवाल्याला पळायला जागा नसते. पिनेच्या जागी सळईचा तुकडा किंवा जुना बोल्ट घालून चाललेल्या ट्रॉल्या मी कारखान्याच्या रांगेत पाहिल्या आहेत. चांगली पिन उसाच्या एका मोळीच्या दरात येत नसेल, पण एका खेपेच्या भाड्यात नक्की येते.

चढउताराच्या जागी गाडी उभी करायची वेळ आलीच तर हँडब्रेकवर भरवसा ठेवू नये. गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावं, पुढची चाकं डोंगराच्या बाजूला वळवावीत, आणि मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. दगड लावतात, तोही चालतो, पण जाताना तो दगड रस्त्यातच ठेवून जातात आणि रात्री तिथं दुसऱ्याचा जीव जातो. दोन ठोकळे दोरीला बांधून ट्रॉलीला अडकवून ठेवले तर हा प्रश्न उरत नाही. बंद पडलेल्या ट्रॉलीमागं लाल दिवा नसेल तर निदान रिफ्लेक्टर हवाच. हंगामाच्या तोंडावर ते लावून देतात, पण महिन्याभरात पाचटाच्या धुळीनं आणि चिखलानं झाकले जातात. फडक्यानं पुसायला कुणी सांगत नाही.

आमच्या भागात जत्रेत ट्रॅक्टर-ट्रॉली मागं घेण्याच्या शर्यती होतात. खांबांच्या मधून ट्रॉली उलटी नेऊन कमीत कमी वेळात बाहेर काढायची. ट्रॉली मागं घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं, आणि जी पोरं ते सहज करतात त्यांचं मला मनापासून कौतुक आहे. माणसं शिट्ट्या मारतात, ढाल मिळते, फोटो लागतो. कसब आहेच ते. पण सगळं कसब वेगावर मोजलं जातं. वंटमुरीचा घाट पहिल्या गिअरमध्ये, मागं वीस वाहनांच्या शिव्या खात, ब्रेक न तापवता उतरणाऱ्या माणसाला कुणी ढाल देत नाही. मी जत्रेच्या कमिटीतल्या ओळखीच्यांना सांगितलं आहे की एक बक्षीस अशाही ड्रायव्हरसाठी ठेवा ज्याच्या गाडीचे ब्रेक, पिन, पट्टी, दिवे, सगळं तपासून ठीक निघालं. त्यात बघायला मजा नाही असं उत्तर मिळालं. मजा नाही हे मान्य. तरी पुढच्या वर्षी परत विचारणार आहे.

माझा पुतण्या आता ट्रॅक्टर चालवतो. गाडी आमची घरची, करार एका मुकादमाशी. यंदा दोघांनी बसून ठरवलं की माळाच्या पाणंदीतून एका वेळी एकच ट्रॉली खाली आणायची. पहिली खाली डांबरी रस्त्याला लावायची, परत वर जाऊन दुसरी आणायची, आणि मग सपाटीवर दोन्ही जोडायच्या. यात दर खेपेला वेळ जातो, टोळी खोळंबते, काट्यावरच्या रांगेत नंबर मागं पडतो. मुकादम पहिल्याच दिवशी पुतण्याला म्हणाला, “एवढं भ्यायचं असलं तर धंदा कशाला करतोस गा? दुसरी गाडी लावतो मी.”

पुतण्यानं त्याला सांगितलं, “लावा की मामा. पण ह्या उतारावर दोन घेऊन मी यायचा न्हाई.”

मुकादमानं दुसरी गाडी अजून लावलेली नाही. दर खेपेला जाणाऱ्या जादा वेळाचं भाडं कुणी सोसायचं यावर बोलणी चालू आहेत. आम्ही निम्मं सोसायला तयार आहोत, निम्मं त्यानं सोसावं असं म्हणणं आहे. रविवारी तो घरी येणार आहे, थोरल्या काकांनाही बोलावलंय.